पंचानें उभें कोठें राहावें?

न्याय कसा द्यावा याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु न्याय देणारानें त्यापूर्वीं उभें कोठें राहावें, याचा विचार आम्हीं तरी गेल्या महिन्यापर्यंत कधीं केला नव्हता. तो करावयास आम्हांस आमच्या पुतणीनें लावलें, आणि तेंहि अशा रीतीनें कीं, आधीं घरांतील साऱ्या मंडळींची हसतां हसतां पुरेवाट झाली.

त्या दिवशीं सकाळीं वर्तमानपत्र घेऊन आम्ही दिवाणखान्यांत आलों, तों तेथें निराळेंच दृश्य दिसलें. जमिनीवर पुठ्ठ्याची कापलेली एक पंचकोनी आकृति ठेविली होती. तिच्यामागें आमचे धाकटे चिरंजीव हातांत लोकरी मोजा चढवून उकिडवे बसले होते. ओसरीच्या उंबरठ्यावर थोरले चिरंजीव चिंध्यांचा चेंडू घेऊन सज्ज होते. आणि धाकट्यांच्या पाठीमागें एक पाय पुढें रोवून, दुसरा लांब मागें टाकून, मान पुढें काढून आमची पुतणी उभी होती. झोपाळ्यावर बसलेल्या आमच्या मातोश्री जपमाळ थांबवून म्हणाल्या, “अगं, ही कसली बैठक? पाट्यावर पुरण वाटतांना सुद्धां आम्ही इतक्या वांकत नव्हतों.”

“बैठक नव्हे, आजी,” मान न वळवितां ती म्हणाली, “पवित्रा आहे. बेसबॉलच्या पंचाचा.”

नागपूरकरांस क्रिकेटचें वेड किती आहे हें सांगावयास नको. परंतु शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर सॉफ्टबॉल व बेसबॉल हे खेळहि खेळले जातात, आणि त्यांचा चाहतावर्ग थोडा असला तरी निष्ठावंत आहे. आमची पुतणी महाविद्यालयांत असतांना हा खेळ खेळत असे. पुढें नोकरी लागली, खेळणें सुटलें. पण मैदान सुटलें नाहीं. रविवारीं सकाळीं मुलांच्या सामन्यांत ती पंच म्हणून उभी राहते. इतके दिवस आम्ही तो एक निरुपद्रवी छंद समजत होतों. त्या सकाळीं तिनें जें सांगितलें, त्यावरून तो छंद नसून जबाबदारी आहे, हें आमच्या ध्यानांत आलें.

ज्या वाचकांस या खेळाचा परिचय नसेल, त्यांच्यासाठीं थोडें विवेचन करणें अवश्य आहे. बेसबॉलमध्यें चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, फलंदाजापासून साठ फूट सहा इंचांवर उभा असतो. फलंदाजाजवळ जमिनीवर सतरा इंच रुंदीची पंचकोनी पांढरी पाटी बसविलेली असते. तिला होम प्लेट म्हणतात. या पाटीच्या वर, फलंदाजाच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यापासून तों खांदा व कंबर यांच्या मध्यापर्यंत, हवेमध्यें एक अदृश्य चौकट कल्पिलेली असते. फलंदाजानें बॅट न फिरवितां सोडून दिलेला चेंडू या चौकटीला नुसता चाटून गेला तरी तो ‘स्ट्राइक’, आणि बाहेरून गेला तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले कीं फलंदाज बाद. चार बॉल झाले कीं त्याला पहिला बेस फुकट. हें सर्व ठरवावयाचें कोणीं? तर फलंदाजाच्या शेजारीं उकिडव्या बसलेल्या कॅचरच्या पाठीमागें जो पंच उभा असतो त्यानें.

क्रिकेटमध्यें यष्ट्या डोळ्यांना दिसतात. चेंडू लागला कीं बेल्स पडतात. येथें चौकट कोणालाच दिसत नाहीं. ती पंचाच्या डोळ्यांतच असते. अमेरिकेंतील मोठ्या सामन्यांत चेंडू ताशीं नव्वद मैलांच्या वेगानें येतो आणि हातांतून सुटल्यापासून सुमारें चार दशांश सेकंदांत पाटीवर पोहोंचतो. पापणी लवावयास लागणारा वेळहि याहून फारसा कमी नसतो. एका सामन्यांत असे सुमारें तीनशें चेंडू पडतात, आणि त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांना फलंदाज बॅट लावीतच नाहीं. म्हणजे दीडएकशें वेळां अदृश्य चौकटीचा निवाडा करावयाचा, आणि तो करण्यासाठीं तीनशें वेळां वांकून पुन्हां उभें राहावयाचें! आमच्या लहानपणीं आखाड्यांतील वस्ताद शंभर बैठका काढावयास सांगत, तेव्हां आम्ही पोटदुखीचें निमित्त सांगत असूं, याचें आम्हांस येथें स्मरण झालें.

आतां त्या सकाळच्या तालमीचें कारण सांगतों. आदल्या रविवारीं मुलांच्या एका सामन्यांत शेवटचा डाव चालू होता. दोन स्ट्राइक झाले होते. पिचरनें चेंडू टाकला तो फलंदाजापासून दूरच्या बाजूस, खालच्या कोपऱ्यांत. पुतणीनें ‘स्ट्राइक’ म्हणून हात वर केला. मुलगा बाद झाला. त्याचा संघ हरला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें बॅट खालीं ठेविली, एकदां पाटीकडे पाहिलें आणि तो निघून गेला. प्रेक्षकांनींहि आरडाओरड केली नाहीं. परंतु घरीं आल्यावर हिला जेवण गोड लागेना.

“काका,” ती आम्हांस म्हणाली, “निर्णय चुकला असता तरी मला इतकें वाटलें नसतें. चुका सर्वांच्याच होतात. पण मीं तो चेंडू पाहिलाच नव्हता. कॅचरनें डोकें वर केलें आणि चेंडू त्याच्या आड गेला. त्याचा मोजा कोठें थांबला तेवढें मला दिसलें, आणि त्यावरून मीं ठरवून टाकलें.”

आम्हीं समजूत घालावी म्हणून म्हटलें, “अगं, मुलांचा सामना तो. एवढें काय मनाला लावून घेतेस?”

“मुलांचा होता म्हणूनच, काका. मोठ्यांच्या सामन्यांत यंत्रें असतात, चित्रफिती असतात. ह्या मुलांना माझ्यावांचून दुसरा कोण होता?”

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. निर्णय चुकणें आणि न पाहतां निर्णय देणें या दोन गोष्टी जगाला सारख्याच दिसत असल्या तरी देणाराच्या मनांत त्यांमध्यें जमीन-अस्मानाचें अंतर असतें. पहिलीला दुर्दैव म्हणतां येतें. दुसरीला म्हणतां येत नाहीं. आणि येथें न दिसण्याचें कारण डोळ्यांत नसून पायांत होतें. ती उभीच अशा रीतीनें होती कीं, तो कोपरा तिला दिसणें शक्य नव्हतें.

मग आम्ही दोघें हा विषय समजून घेण्यास बसलों. पंचानें पाटीच्या बरोबर मागें, कॅचरच्या पाठीशीं सरळ उभें राहूं नये, हा पहिला धडा. कॅचर आणि फलंदाज यांच्या मध्यें जी फट राहते, तींतून पाहावें. अनुभवी पंच असें शिकवितात कीं, हनुवटी साधारणपणें कॅचरच्या डोक्याच्या माथ्याशीं यावी. म्हणजे डोळे चौकटीच्या वरच्या कडेच्या आसपास राहतात आणि खालचा कोपरा कॅचरच्या आड जात नाहीं. त्याहून खालीं वांकलें तर जवळून पाहिल्याचें समाधान मिळतें, पण कॅचर जरा हलला कीं पडदा पडतो. त्याहून उंच राहिलें तर खालच्या चेंडूचा अंदाज चुकतो. फटींतून पाहणाराला फलंदाजाजवळची कड चांगली दिसते. दूरची खालची कड ही सर्वांत अवघड. हिचा चेंडू नेमका तेथेंच पडला होता.

हें झालें डोक्याचें. तें डोकें त्या जागीं नेऊन ठेवावयाचें कसें, याचे पवित्रे निरनिराळे आहेत.

पहिला साधा. पावलें खांद्यांहून थोडीं अधिक रुंद ठेवावयाचीं, फटीकडचें पाऊल किंचित् पुढें घ्यावयाचें आणि पिचर चेंडू सोडण्याच्या बेतांत आला कीं अर्धी बैठक मारावयाची. नव्या पंचांना बहुधा हाच प्रथम शिकवितात. शरीराचा भार दोन्ही पायांवर सारखा राहतो. पण दुसऱ्या तासाला मांड्या भरून येतात आणि बैठक नकळत उंच होऊं लागते.

दुसरा पवित्रा कात्रीचा. एक पाय पुढें वांकलेला, दुसरा लांब मागें, धड पुढें झुकलेलें आणि मान उचललेली. आमची पुतणी दिवाणखान्यांत उभी होती ती याच पवित्र्यांत. दिसावयास हा फार डौलदार. छायाचित्रांत पंच एकाद्या योद्ध्यासारखा दिसतो. चेंडूजवळ जावयास मिळतें हाहि गुण आहे. परंतु मान ताणलेली राहते, आणि बॅटला चाटून मागें उडालेला चेंडू मुखवट्यावर बसला तर त्याचा सारा धक्का त्या ताणलेल्या मानेला बसतो. अमेरिकेंत कित्येक पंचांनीं मानेच्या दुखण्याच्या भयानें हा पवित्रा सोडला.

तिसरा पवित्रा एक गुडघा जमिनीला टेकण्याचा. डोक्याची उंची त्यानें पक्की राहते. पण लगेच उठून दुसऱ्या बेसकडची पळापळ पाहण्यास जावें लागलें तर उशीर होतो. म्हणून तो आतां क्वचितच दिसतो.

चौथा अमेरिकन पंच जेरी डेव्हिस यांच्या नांवानें ओळखला जातो. यांत कॅचरपासून किंचित् अधिक मागें उभें राहून पाय बरेच रुंद टाकावयाचे आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट टेकावयाचे. हात हे जणूं टेकू होतात. माणूस थकला तरी टेकूची लांबी बदलत नाहीं; त्यामुळें डोकें पहिल्या चेंडूला जेथें होतें तेथेंच शेवटच्या चेंडूलाहि येतें. दिसावयास मात्र हा अगदीं साधा. भाजीवाल्याच्या टोपलींतलीं वांगीं निरखून पाहणाऱ्या गृहस्थासारखा, असें आमच्या वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा डोळा आमच्याकडे होता.

येथें कोणी सुज्ञ वाचक म्हणेल कीं, डोळा शाबूत असला म्हणजे झालें. चार बोटें इकडे-तिकडे उभें राहिल्यानें न्यायांत काय फरक पडणार? आम्हांसहि प्रथम असेंच वाटलें होतें. परंतु या खेळाच्या इतिहासांत याचें उत्तर आहे, आणि तें मनोरंजकहि आहे. अमेरिकेंत बेसबॉलच्या दोन मोठ्या लीग आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. खेळाचे नियम एक, पाटी एक, चेंडू एक. परंतु पूर्वीं दोहोंच्या पंचांचीं चिलखतें निराळीं असत. नॅशनल लीगचे पंच छातीचें चिलखत सदऱ्याच्या आंत घालीत. अमेरिकन लीगचे पंच गादीसारखें मोठें फुगीर चिलखत हातांनीं पुढें धरून उभे राहात. आंतल्या चिलखताचा पंच मोकळेपणानें फटींत वांकूं शके. गादीवाल्यास तें शक्य नसे. तो कॅचरच्या डोक्यावरून पाही. परिणाम असा झाला कीं, एका लीगमध्यें खालचे चेंडू अधिक स्ट्राइक ठरतात आणि दुसरींत वरचे, अशी खेळाडूंची व जाणत्यांची वर्षानुवर्षें समजूत होऊन बसली. कायदा न बदलतां केवळ न्यायाधीशाच्या अंगरख्यानें न्याय बदलला! पुढें १९७७ पासून अमेरिकन लीगमध्यें नव्यानें येणाऱ्या पंचांना आंतलें चिलखतच सक्तीचें झालें, आणि गादी वापरणारे शेवटचे पंच जेरी न्यूडेकर १९८५ सालीं निवृत्त झाले.

आंतल्या चिलखताचा आणि फटींतून पाहण्याचा आग्रह धरणारांमध्यें बिल क्लेम हे अग्रणी. १९०५ पासून १९४१ पर्यंत त्यांनीं पंचाचें काम केलें. अठरा वेळां ते जागतिक मालिकेसाठीं निवडले गेले, आणि १९५३ सालीं टॉमी कॉनली यांच्यासह त्यांस बेसबॉलच्या मानमंदिरांत स्थान मिळालें. तें मंदिर निघाल्यानंतर पंचांना मिळालेला तो पहिलाच मान. खेळाडूंचे पुतळे सारेच उभारतात. त्यांना चूक-बरोबर सांगणाराची आठवण ठेवावयास मात्र जगाला थोडा उशीर लागतो.

आपल्या क्रिकेटांतहि हाच प्रश्न निराळ्या रूपानें आहे. क्रिकेटच्या नियमांत पंचानें यष्ट्यांपासून अमुक इतक्या फुटांवर उभें राहावें असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. ज्या गोष्टीचा निर्णय द्यावा लागेल ती उत्तम दिसेल अशा ठिकाणीं त्यानें उभें राहावें. मात्र गोलंदाजाच्या धावेस व फलंदाजाच्या दृष्टीस अडथळा करूं नये, एवढेंच तत्त्व सांगितलें आहे. फलंदाजाकडच्या पंचाला सुद्धां, कर्णधार, फलंदाज व दुसरा पंच यांस सांगून, लेग बाजू सोडून ऑफ बाजूस जाण्याची मोकळीक आहे. म्हणजे नियमांनीं जागा नेमून दिली नाहीं. जागा शोधण्याचें कर्तव्य नेमून दिलें. कोणी यष्ट्यांना लागून उभा राहतो, कोणी चार पावलें मागें. फार जवळ उभें राहिलें तर गोलंदाजाचें पुढचें पाऊल पाहण्यास मान खालीं घालावी लागते, आणि तेथून नजर उचलून फलंदाजाच्या पॅडवर नेईतों चेंडू पोहोंचलेला असतो. जरा मागें सरकलें तर पाऊल आणि पॅड दोन्ही एका नजरेच्या टप्प्यांत येतात. पण दूरचें बारीक दिसतें. जो तो आपल्या डोळ्यांप्रमाणें आपलें अंतर ठरवितो.

सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेचें मैदान नागपूरकरांच्या आवडीचें. १९६९ सालीं न्यूझीलंडविरुद्ध येथें पहिला कसोटी सामना झाला. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजीं याच मैदानावर चेतन शर्मा यांनीं विश्वचषकाच्या इतिहासांतील पहिली हॅट्ट्रिक घेतली. रदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड, तिघेहि त्रिफळाचीत! त्या तीन चेंडूंना पंचाला कांहीं ठरवावयाचेंच नव्हतें. यष्ट्यांनींच निकाल सांगितला. परंतु असे चेंडू सामन्यांत किती? बाकीच्या वेळीं पायचीत कीं नाहीं, झेल कीं नाहीं, हा बोजा एका माणसाच्या डोळ्यांवर असतो. पंचांना शिक्षण देण्यासाठीं क्रिकेट मंडळानें प्रबोधिनी काढली ती आमच्या या नागपुरांतच, ही गोष्टहि येथें सांगण्यासारखी आहे. त्याच सिव्हिल लाइन्समध्यें उच्च न्यायालयाचें खंडपीठ आहे. तेथील न्यायमूर्तींस विचार करावयास महिने मिळतात, आणि वर अपील असतें. मैदानावरील पंचाला अर्धा सेकंद मिळतो.

अपील मैदानावरहि आलें आहे, असें वाचक म्हणतील. तें खरें. क्रिकेटमध्यें खेळाडूंना पंचाच्या निर्णयाची फेरतपासणी मागतां येते. २००८ सालीं तिचा पहिला प्रयोग भारत व श्रीलंका यांच्या मालिकेंत झाला, आणि पुष्कळ वर्षें नको म्हटल्यावर २०१६ सालापासून आपणहि ती नियमितपणें स्वीकारली. बेसबॉलमध्यें दक्षिण कोरियाच्या लीगनें २०२४ पासून स्ट्राइक-बॉलचा निवाडा सर्वस्वीं यंत्राकडे सोंपविला; पंच कानांत ऐकतो आणि हात वर करतो. अमेरिकेनें मध्यम मार्ग पत्करला. निर्णय पंचानेंच द्यावा, परंतु २०२६ च्या हंगामापासून प्रत्येक संघास दोन आव्हानें असावीं, आव्हान खरें ठरलें तर तें शिल्लक राहावें, आणि तें पिचर, कॅचर किंवा फलंदाज यांनींच आपल्या डोक्याला हात लावून मागावें, असा निर्णय २०२५ च्या सप्टेंबरांत झाला.

मग पवित्र्याची चर्चा कशाला? तर आमच्या पुतणीनें म्हटलें त्यासाठीं. यंत्र मोठ्या मैदानावर येतें. नागपूरच्या शाळेच्या मैदानावर, जेथें पाटीवरची धूळ पंचालाच झटकावी लागते, तेथें यंत्र नाहीं. जगांतील बहुतेक सामने अशाच मैदानांवर होतात, आणि बहुतेक मुलें न्यायाचा पहिला अनुभव तेथेंच घेतात.

आमच्या वहिनींचा आक्षेप मात्र निराळा होता. त्या म्हणाल्या, “भाऊजी, हें सगळें ठीक आहे. पण मुलीनें असें वांकून, तोंडाला जाळी बांधून पुरुषांच्या खेळांत उभें राहावें हें तुम्हांला बरें दिसतें का? आणि चेंडू लागला म्हणजे?”

चेंडूची भीति रास्त होती. तिचें उत्तर पुतणीनें दिलें: मुखवटा नेहमीं चेंडूकडे तोंड करून ठेवावयाचा असतो, भिऊन मान वळविली तरच कानशिलाला इजा होते. वहिनींच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं दिलें. २०२५ च्या ऑगस्टमध्यें जेन पावोल या बाई अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ बेसबॉलमध्यें पंच म्हणून उभ्या राहिल्या. असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. ९ तारखेस त्यांनीं बेसवरचें काम केलें, आणि १० तारखेस अटलांटा येथें त्या होम प्लेटच्या मागें उभ्या होत्या. आपल्याकडे २०२३ च्या जानेवारींत रणजी करंडकाच्या सामन्यांत प्रथमच स्त्रिया पंच झाल्या. त्या तिघींपैकीं वृंदा राठी मुंबईच्या. वहिनींनीं तें ऐकून घेतलें. पटलें असें त्या म्हणाल्या नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं मानेला चोळण्यासाठीं तेल कोमट करून त्यांनींच आणून ठेविलें.

आतां पवित्रा निवडावयाचा कसा? आम्हीं एक युक्ति काढली. दिवाणखान्याच्या भिंतीशीं पुतणीनें बाजू करून उभें राहावयाचें, थोरल्यानें चेंडू टाकावयाचा, आणि प्रत्येक वेळीं ती वांकली कीं तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आम्हीं पेन्सिलीनें खूण करावयाची. प्रथम कात्रीचा पवित्रा झाला. पहिल्या दहा खुणा जवळजवळ आल्या. विसाव्यापासून त्या खालीं घसरूं लागल्या, आणि चाळीस होईपर्यंत वरची व खालची खूण यांमध्यें वीतभर अंतर पडलें. विश्रांति घेऊन मग हात गुडघ्यांवर टेकण्याचा पवित्रा झाला. चाळीसच्या चाळीस खुणा दोन बोटांच्या आंत! वहिनींनीं भिंतीकडे पाहिलें, आणि दिवाळींतच रंग दिला होता एवढेंच त्या म्हणाल्या.

पुतणी त्या खुणांकडे बराच वेळ पाहात राहिली. “काका, हा वीतभर फरक म्हणजे पहिल्या डावांतल्या मुलाला एक चौकट आणि शेवटच्या डावांतल्या मुलाला दुसरी. आणि मला वाटत होतें, मी सर्वांना सारखीच वागवितें.”

कात्रीचा डौल सोडतांना तिला थोडें जड गेलें, हें आम्हीं पाहिलें. ज्या कोणा पंचाचें छायाचित्र पाहून तिनें तो उचलला होता, त्याच्या मांड्या व मान निराळ्या होत्या. कोणास साधी अर्धी बैठकच मानवते. उंच माणसास एक पवित्रा, ठेंगण्यास दुसरा. ज्या पवित्र्यांत दिसतें, टिकतें आणि इजा होत नाहीं तो आपला. आणि एकदां धरला कीं सामन्याच्या मध्यें बदलावयाचा नाहीं, हें पथ्य.

मातोश्री इतका वेळ झोपाळ्यावरून पाहात होत्या. त्या म्हणाल्या, “आपल्या घरांत एके काळीं बावीस पानें वाढलीं जात. चार सुनांचीं भांडणें माझ्याकडे यायचीं. स्वयंपाकघरांत तक्रार ऐकली कीं मला थोरलीचें खरें वाटे, माडीवर ऐकली कीं धाकटीचें. मग मी ठरवून टाकलें. काय तें मला ह्या झोपाळ्यावर येऊन सांगा.” असें म्हणून त्यांनीं माळ पुढें चालू केली.

पुढच्या रविवारीं आम्ही सहकुटुंब सामना पाहावयास गेलों. वहिनीहि आल्या, बरोबर पोह्यांचा डबा होता. पुतणी पाय रुंद टाकून, हात गुडघ्यांवर ठेवून उभी राहिली. डौल असा कांहींच नव्हता. प्रत्येक चेंडूनंतर ती क्षणभर थांबे, आणि मगच बोले. तिसऱ्या डावांत तसाच एक चेंडू आला, दूरच्या खालच्या कोपऱ्याचा. ती म्हणाली, “बॉल!” पिचरच्या बाजूनें एकच ओरड झाली. एक वडीलधारे गृहस्थ तर हात उंचावून उभे राहिले. तिनें त्यांच्याकडे पाहिलें नाहीं. पाटीवरची धूळ झटकली आणि ती पुन्हां आपल्या जागीं गेली.

घरीं येतांना वहिनींनीं हळूच विचारलें, “तो निर्णय बरोबर होता ना गं?”

“ठाऊक नाहीं, आई. चेंडू कडेला होता. चुकला असेल तर डोळा चुकला. पण ह्या वेळीं मीं पाहिलेलें सांगितलें.”

त्या दिवशीं ती पोटभर जेवली. भिंतीवरच्या खुणा पुसण्यास वहिनींनीं अद्याप कोणास सांगितलेलें नाहीं.